थायमसचं चुकलेलं माप

१८३२ साली लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर या नामवंत शल्यविशारदाचं थायमस ग्रंथीच्या रचनेवरचं पुस्तक बाहेर पडलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट मंजूर केला. मी उभा जन्म शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि माझ्या लेखी या दोन घटना एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. आपलं शरीर आपल्याच पेशींवर हात का उगारत नाही, हे मुख्यतः ज्या अवयवात ठरतं, तो अवयव पुढे कित्येक पिढ्या डॉक्टरांना तान्ह्या बाळांचा मारेकरी वाटत राहिला. त्या गैरसमजाचं मूळ शोधायचं तर डिसेक्शनच्या टेबलावर कोण येत होतं, हे आधी पाहावं लागतं.

१७५२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सकांना मिळत ती फाशी गेलेल्या खुन्यांची शवं. शिकणारे विद्यार्थी वाढत गेले आणि ही शवं पुरेनाशी झाली. मग रात्री कबरी उकरून मुडदे विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. कूपरही त्यांचा गिऱ्हाईक होता, आणि ते त्याने लपवलं नाही. हवं ते कुठलंही प्रेत मी मिळवू शकतो, मेलेला माणूस कितीही मोठा असो, असं त्याने १८२८ साली पार्लमेंटच्या समितीसमोर सांगितलं. त्याच वर्षी एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी शवं विकण्यासाठी सोळा माणसं मारल्याचं उघड झालं. देश हादरला, आणि चार वर्षांनी कायदा आला: वर्कहाउसात किंवा इस्पितळात जो मरेल आणि ज्याच्यावर कोणी हक्क सांगणार नाही, त्याचं शव शरीररचनेच्या शाळांना द्यावं. कबरी उकरणं थांबलं. टेबलावर मात्र यापुढे एकाच वर्गातली माणसं येणार हे कायद्यानेच ठरवून टाकलं.

आपल्याकडचा १९४९ चा बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट याच घडणीचा आहे. ठरावीक मुदतीत नातेवाईक आले नाहीत तर शव वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातं. माझ्या उमेदीच्या काळात आमच्या हॉलमध्ये येणारी बहुतेक शवं अशीच असत: रेल्वे स्टेशनवर, धर्मशाळेच्या ओट्यावर, सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात गेलेली माणसं. बरगड्या मोजता याव्यात इतकी हडकलेली. देहदान करणारे आता वाढले आहेत आणि त्यांच्या घरच्यांना मी मनापासून हात जोडते. पण मी ज्यांच्यावर शिकले आणि ज्यांच्यावर शिकवलं, ते बेवारस होते. पहिल्या दिवशी मुलांकडून त्यांना नमस्कार करवून घ्यायची माझी रीत होती, आणि ती मी शेवटपर्यंत मोडली नाही.

छातीचं डिसेक्शन सुरू झालं की उरोस्थी उचलायची. तिच्या मागे, हृदयाच्या वेष्टनावर, पिवळसर चरबीचा एक पातळ पट्टा दिसतो. मुलं विचारत, ‘मॅडम, थायमस कुठाय?’ मी त्या चरबीवर चिमटा टेकवायची. हाच. वयात येईपर्यंत ही ग्रंथी वाढते आणि मग हळूहळू तिची जागा चरबी घेते, हे पुस्तकातलं वाक्य सांगून आम्ही हृदयाकडे वळायचो. तिच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नसत. पण पूर्ण दिवस भरलेल्या मृत अर्भकाची छाती उघडली की सगळा नकाशाच बदलतो. दोन भरदार, गुलाबी-करडी पाळी मानेच्या मुळापासून खाली उतरून हृदयाचा वरचा भाग झाकून बसलेली असतात. बाळाच्या एवढ्याशा छातीत एवढी जागा अडवणारी ही ग्रंथी जन्मताना साधारण दहा ते पंधरा ग्रॅम भरते आणि वयात येताना तीस-चाळीस ग्रॅमपर्यंत जाते.

आजारपण आणि उपासमार हिला फार लवकर खातात. स्नायू झडायच्या, पोट खपाटीला जायच्या आधी थायमस आटतो. जॉन सायमन या तरुण इंग्रज डॉक्टरने हे १८४५ च्या आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवलं होतं. या ग्रंथाला मिळालेलं बक्षीस कूपरच्याच नावाचं होतं. शरीराच्या पोषणाचा चढउतार ही ग्रंथी दाखवते, असं त्याचं निरीक्षण. हाच सायमन पुढे लंडन शहराचा पहिला आरोग्य अधिकारी झाला आणि गटारं, पाणी, गरिबांच्या खोल्या यांच्यावर लिहीत राहिला. त्याच्याबद्दल मला विशेष माया आहे. भुकेचा पुरावा त्याने आधी छातीच्या पोकळीत पाहिला आणि मग गल्ल्यांमध्ये.

भूक लागली तर ग्रंथी का आटावी, याचं उत्तर मिळायला १९३६ उजाडावं लागलं. माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये उंदरांना थंडीत ठेवत होता, दमवत होता, निरनिराळी घातक द्रव्यं टोचत होता. त्रास कुठलाही असो, आत तोच बदल दिसे: अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण आणि थायमस आक्रसलेला. आज आपल्याला ठाऊक आहे की ताणाच्या काळात अ‍ॅड्रिनलमधून सुटणारं कॉर्टिसॉल थायमसच्या बाहेरच्या थरातल्या कोवळ्या पेशींना मारतं. काही दिवसांतच ग्रंथीचा चोथा होतो.

आता एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्या टेबलावर येणारं मूल गरिबाचं असे. ते आठवडेन् आठवडे अतिसाराने, क्षयाने, गोवराने, उपासाने झिजून गेलेलं असे. त्याचा थायमस बोटाच्या पेराएवढा. अशी शेकडो मुलं पाहून त्याच्या मनात ‘नेहमीचा’ थायमस केवढा हे पक्कं होई, आणि तेच पुस्तकांत उतरे. मग एखाद्या रात्री खात्यापित्या घरातलं गुटगुटीत बाळ झोपेतच जातं. ताप नाही, खोकला नाही, संध्याकाळी खिदळत होतं. त्याची छाती उघडली की डॉक्टरला दिसतो केवढा तरी मोठा थायमस, श्वासनलिकेच्या अगदी पुढ्यात. कारण सापडलं असं त्याला वाटणारच. निरोगी बाळाचा निरोगी अवयव तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

ही शंका जुनीच होती. बाझलच्या फेलिक्स प्लाटरने १६१४ मध्येच अशा एका अर्भकाच्या मृत्यूची नोंद केली होती. १८३० मध्ये कोप या जर्मन डॉक्टरने तिला ‘थायमसचा दमा’ असं रीतसर नाव दिलं. १८५८ मध्ये फ्रँकफुर्टच्या फ्रीडलेबेनने प्राण्यांवर प्रयोग केले, ग्रंथींची वजनं घेतली आणि असा दमा अस्तित्वातच नाही असं ठाम बजावलं. त्याचं ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफने नवी मांडणी केली: ग्रंथी श्वास दाबत नसेलही, पण मोठा थायमस हे मुळातच नाजूक, कुठल्याही धक्क्याने कोसळणाऱ्या प्रकृतीचं लक्षण आहे. या प्रकृतीला त्याने भारदस्त लॅटिन नाव दिलं आणि ते युरोप-अमेरिकेत रुजलं. क्लोरोफॉर्म देताना रोगी दगावला तर हेच कारण. थंड पाण्यात उडी मारल्यावर पोरगा गेला तरी हेच.

हे कारण इतकं का टिकलं असेल याचा मी खूप विचार केला आहे. मूल झोपेत जातं तेव्हा आई स्वतःला विचारते की माझ्याच कुशीखाली गुदमरलं का? शेजारपाजार तोंडावर विचारत नाही, पण नजरेने विचारतो. अशा वेळी डॉक्टरने सांगितलं की बाई, तुमची चूक नाही, त्याची ग्रंथीच मोठी होती, तर त्या बाईला केवढा आधार! भूल देणाऱ्यालाही तोच आधार. त्यामुळे कारण खरं आहे का, हे तपासायची गरजच कोणाला पडली नाही.

इथपर्यंत नुकसान फक्त ज्ञानाचं होतं. १९०७ मध्ये सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलँडरने एका बाळाच्या मोठ्या थायमसवर क्ष-किरण सोडले आणि ग्रंथी आटली. आटणारच होती, कारण तिच्यातल्या झपाट्याने विभागणाऱ्या कोवळ्या पेशी किरणांना फार लवकर बळी पडतात. बाळाला त्रास झाला नाही, रक्त आलं नाही, चाकू लागला नाही. पाहता पाहता अमेरिकेत हा रिवाजच होऊन बसला. नवजात बाळाच्या छातीचा फोटो काढायचा, उरोस्थीमागे रुंद सावली दिसली की किरण द्यायचे. तान्ह्या बाळाच्या छातीत ती सावली जवळपास नेहमीच दिसते, आणि बाळ रडत श्वास सोडत असेल तर आणखी रुंद दिसते. काही ठिकाणी टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी, काही ठिकाणी नुसतीच खबरदारी म्हणून किरण दिले गेले. किरण दिलेली बाळं जगत आणि बाळसं धरत, आणि त्यावरून उपचार लागू पडल्याचं सिद्ध होई. ती किरणांवाचूनही जगलीच असती.

हे चूक आहे असं सांगणारे होते. स्वीडनमधला हामार हा शरीररचनातज्ज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अपघाती मृत्यू आलेल्या निरोगी माणसांचे थायमस मोजत होता. आजाराने ग्रंथी आटते, ही तात्पुरती झीज आहे आणि तिला नेहमीचं माप समजू नका, हे त्याने पुनःपुन्हा मांडलं. पहिल्या महायुद्धात धडधाकट तरुण एका गोळीने मरू लागले आणि त्यांच्या छातीत भरघोस थायमस दिसू लागले. १९२७ मध्ये एडिथ बॉइड या अमेरिकन संशोधिकेने बाळांच्या पोषणाशी ग्रंथीच्या वजनाचा ताळा घालून दाखवला. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये याच प्रश्नासाठी नेमलेल्या चौकशी समितीच्या आकडेवारीवरून यंग आणि टर्नबुल यांनी निष्कर्ष काढला की अशी कुठलीही प्रकृती असल्याचा पुरावा नाही. तरीही किरण देणं अमेरिकेत चाळीसच्या दशकापर्यंत आणि त्यानंतरही चालू राहिलं.

थायरॉइड ग्रंथी थायमसच्या अगदी वर बसते. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या अठ्ठावीस मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले होते. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे अशा मुलांचा माग काढून त्यांची किरण न दिलेल्या भावंडांशी तुलना करण्यात आली आणि संबंध पक्का झाला. त्यातल्या मुली बायका झाल्या, तेव्हा त्यांच्यात स्तनांचा कर्करोगही जास्त आढळला. ती मुलं मुळात आजारी नव्हतीच. एका चुकलेल्या मापापायी त्यांच्या गळ्यावर आणि छातीवर किरण सोडले गेले. हे वर्गात सांगताना माझा आवाज चढायचा, आजही चढतो.

आता दुसऱ्या बाजूने येऊ या. १९०० च्या आसपास पाउल एर्लिश आणि त्याचा सहकारी मॉर्गेनरोथ यांनी बोकडांना दुसऱ्या बोकडांचं रक्त टोचलं. त्यांच्या शरीरात परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तयार झाली, पण स्वतःच्या रक्तपेशी फोडणारं द्रव्य एकदाही मिळालं नाही. शरीराला स्वतःला विष घालण्याची भीती वाटते, अशा अर्थाचं नाव एर्लिशने या नियमाला दिलं. ही भीती शरीर शिकतं कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. १९४५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेनने गाईच्या जुळ्या वासरांत पाहिलं की पोटात असताना ज्यांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या, त्यांच्यात दोघांच्याही रक्तपेशी आयुष्यभर गुण्यागोविंदाने नांदतात. ऑस्ट्रेलियाच्या बर्नेटने यावरून अंदाज बांधला की आपलं-परकं ही ओळख जन्माआधीच्या काळात शिकली जाते. १९५३ मध्ये लंडनमध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भाला परक्या उंदराच्या पेशी टोचल्या, आणि तो उंदीर मोठा झाल्यावर त्याने त्याच जातीच्या उंदराची कातडी बिनतक्रार स्वीकारली. म्हणजे सहिष्णुता शिकवता येते. बर्नेट आणि मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं.

एवढं सगळं झालं तरी थायमसकडे कोणी वळलं नाही. प्रौढ प्राण्याचा थायमस काढला तर काहीच बिघडत नाही, असं प्रत्येकाने पाहिलं होतं. त्यातल्या पेशी डोळ्यांदेखत मरतात, म्हणून ही ग्रंथी लसीका पेशींची स्मशानभूमी मानली गेली होती. खुद्द मेडावारलाही साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लसीका पेशी उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात वाटत होत्या. ज्या अवयवाला आधी मारेकरी ठरवलं आणि मग निरुपयोगी, तिथे प्रतिकारशक्तीची मुळं शोधायला कोण जाणार?

गेला तो झाक मिलर, आणि तोही दुसरंच काही शोधताना. फ्रान्समध्ये जन्मलेला, बालपण शांघायमध्ये काढलेला आणि युद्धाच्या धामधुमीत ऑस्ट्रेलियात पोचलेला हा मुलगा. त्याची मोठी बहीण क्षयाने गेली. एकाच घरात राहून मला तो रोग कसा झाला नाही, हा प्रश्न त्याला वैद्यकाकडे घेऊन गेला. १९५८ मध्ये तो लंडनला आला आणि चेस्टर बिट्टी संस्थेच्या शहराबाहेरच्या शाखेत उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर काम करू लागला. त्या कर्करोगाचा विषाणू नवजात उंदराला टोचला की रोग थायमसपासून सुरू होई. विषाणू आधी कुठे वाढतो हे कळावं म्हणून मिलरने जन्मून एक दिवसही न झालेल्या पिल्लांचा थायमस काढायचं ठरवलं. करंगळीच्या टोकाएवढं ते पिल्लू, आणि त्यातली ती ग्रंथी! ज्याने कधी चिमटा हातात धरला आहे, त्यालाच या हस्तकौशल्याची किंमत कळेल.

पिल्लं जगली. दूध तुटल्यावर मात्र ती खंगू लागली. त्यांना हगवण लागली, केस विस्कटले आणि बहुतेक मेली. विषाणू टोचलेलीही आणि न टोचलेलीही. त्यांच्या रक्तात आणि लसीका गाठींत लसीका पेशी जेमतेम उरल्या होत्या. यकृतावर जंतुसंसर्गाच्या खुणा होत्या. मग मिलरने मेडावारची पद्धत वापरली. जगलेल्या पिल्लांवर परक्या जातीच्या उंदरांची कातडी बसवली. ती झडली नाही. वेगळ्या प्राण्याची, घुशीच्या कुळातल्या मोठ्या उंदराची कातडी लावली तीही टिकली आणि तिच्यावर केस उगवले. एकाच पिल्लाच्या पाठीवर निरनिराळ्या रंगांच्या केसांचे झुपके! १९६१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याने लिहिलं की प्रतिकारक पेशी जन्माच्या सुमाराला थायमसमध्ये तयार होतात आणि तिथून शरीरभर जातात. शंका आल्याच: तुझी जनावरं अस्वच्छ जागेत होती, त्यांना संसर्ग झाला असेल. तो अमेरिकेत बेथेस्डाला गेला आणि जंतुविरहित उंदरांवर प्रयोग केला. ते खंगले नाहीत, पण परकी कातडी त्यांनीही नाकारली नाही. त्याच सुमारास मिनियापोलिसच्या रॉबर्ट गुडचा आणि बॉस्टनमधला वॅक्समनचा गट वेगळ्या वाटांनी तिथेच पोचले होते.

आता ‘टी पेशी’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. त्यातला टी थायमसचा. अस्थिमज्जेतून आलेली कोवळी पेशी इथे जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून स्वतःसाठी एक ग्राहक रेणू बनवते. तो कशावर बसेल ते आधी ठरलेलं नसतं. त्यामुळे कधीही न भेटलेल्या जंतूलाही ओळखणारी पेशी तयार होऊ शकते आणि आपल्याच स्वादुपिंडावर चालून जाणारीही. म्हणून इथे दोन कडक परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेत, आपल्या शरीराच्या पेशी ज्या रेणूंवर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवतात ते रेणू ज्या टी पेशीला वाचताच येत नाहीत, ती मरते. दुसऱ्या परीक्षेत, स्वतःचेच तुकडे जी फार घट्ट पकडते, तीही मरते. शंभरातल्या पंचाण्णवाहून जास्त पेशी थायमसच्या बाहेर पडतच नाहीत. जुन्या लोकांनी स्मशान पाहिलं ते खोटं नव्हतं. ते मरण कशासाठी आहे एवढंच त्यांना कळलं नव्हतं. १९८७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांनी विशिष्ट टी पेशींवर खूण ठेवून दाखवलं की स्वतःवर उठू शकणाऱ्या पेशी थायमसमधल्या कोवळ्या गर्दीत असतात आणि पिकलेल्या पेशींत अजिबात सापडत नाहीत.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. इन्शुलिन बनतं स्वादुपिंडात. मग छातीतल्या ग्रंथीत बसलेल्या कोवळ्या पेशीला इन्शुलिन आपलं आहे हे कळावं कसं? थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी इन्शुलिन, थायरॉइडची प्रथिनं, अश्रुग्रंथीतली प्रथिनं अशा दूरदूरच्या अवयवांच्या मालाची थोडीथोडी पैदास स्वतःच करतात, निव्वळ दाखवण्यासाठी. ही पैदास सुरू करणारं एआयआरई नावाचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, तेही एका दुर्मीळ आजाराच्या कुटुंबांत. फिनलंडमध्ये आणि सार्डिनियात हा आजार जास्त दिसतो. त्यात मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच अ‍ॅड्रिनल आणि पॅराथायरॉइड ग्रंथी पोखरते. २००२ मध्ये अँडरसन, मॅथिस आणि बेनवा यांनी उंदरांत हे जनुक बंद केलं, तेव्हा थायमसमधला तो मांडलेला माल नाहीसा झाला आणि प्रतिकारशक्ती एकेका अवयवावर चालून गेली.

थायमसमधूनही काही चुकार पेशी निसटतातच. त्यांना बाहेर आवर घालणाऱ्या पेशींचा शोध जपानमध्ये सुरू झाला, पुन्हा थायमस काढण्यापासूनच. नागोयाच्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये पाहिलं की उंदराच्या मादी पिल्लाचा थायमस तिसऱ्या दिवशी काढला तर त्याच्या बीजांडकोशाचा नाश होतो. सातव्या दिवशी काढला तर होत नाही. या चार दिवसांत थायमसमधून काय बाहेर पडतं, हा प्रश्न शिमॉन साकागुची या तरुणाने धरला आणि सोडला नाही. ‘दाबणाऱ्या पेशी’ ही कल्पना ऐंशीच्या दशकात बदनाम झाली होती. तिच्यावर काम करणं म्हणजे करिअर बुडवणं. त्याने १९९५ मध्ये त्या पेशी खुणेनिशी दाखवल्या. १९४९ मध्ये ओक रिजच्या प्रयोगशाळेत आपोआप उपजलेल्या, खवलेदार कातडीच्या आणि चिमुकल्या वयात मरणाऱ्या उंदरांतलं बिघडलेलं जनुक मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधलं, आणि साकागुचीच्या पेशी त्याच जनुकावर चालतात हे दोन वर्षांनी कळलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

माझ्या मावसबहिणीला तिशीत मायस्थेनिया झाला. सकाळी ठीक असायची. संध्याकाळी पापण्या मिटायच्या, भाकरीचा घास चावताना जबडा थकायचा. स्नायूंना मज्जातंतूंचा निरोप पोचवणाऱ्या ग्राहकांवर तिच्याच शरीरातली प्रतिद्रव्यं बसत होती. या आजारात थायमस बऱ्याचदा सुजलेला असतो, काहींत त्याची गाठ असते. आल्फ्रेड ब्लेलॉकने १९३६ मध्ये अशा एका तरुणीची गाठ काढली आणि ती सुधारली. २०१६ साली मोठ्या चाचणीतून कळलं की गाठ नसलेल्यांनाही ग्रंथी काढण्याचा फायदा होतो. बहिणीची शस्त्रक्रिया त्याच्या कितीतरी आधीची. वर्षभरात तिच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. तेव्हा मी शरीररचनेची प्राध्यापक असून, जी ग्रंथी मी पाच मिनिटांत आटपत असे ती आपल्याच माणसाचा घास अडवू शकते, हे मला आतून लागलं. त्या वर्षापासून अर्भकाचं डिसेक्शन मी एका पूर्ण तासाचं केलं.

ग्रंथी मायस्थेनियात काढणं ही गरज आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती सोयीसाठी काढली जाते, आणि तिथे मला अस्वस्थ वाटतं. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाच्या छातीत थायमस इतका मोठा असतो की हृदय दिसत नाही, म्हणून तो पुष्कळदा जवळजवळ सगळा काढतात. बाळाचा जीव वाचवणं पहिलं, यात वाद नाही. पण अशा मुलांमध्ये पुढे नवख्या टी पेशी कमी पडतात आणि स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींत त्यांना जंतुसंसर्ग आणि थायरॉइडचे आजार जास्त झालेले दिसतात. मोठ्यांचाही थायमस सुकून गेलेला नसतो. बॉस्टनमधल्या २०२३ च्या पाहणीत, प्रौढपणी थायमस काढलेल्यांत पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के होतं आणि तशाच दुसऱ्या हृदयशस्त्रक्रिया झालेल्यांत २.८ टक्के. कर्करोगाचं प्रमाण ७.४ आणि ३.७. ही निरीक्षणातून आलेली आकडेवारी आहे, पक्कं कार्यकारण नव्हे. तरी मानेकडचं एक पाळं जागेवर ठेवता येत असेल तर ठेवा, असं मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे हृदयशल्यविशारद झाले त्यांना सांगत असते. काहीजण ठेवतात.

आणि ते चुकलेलं माप? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये पेटर ओबी या डॅनिश संशोधकाच्या गटाने नवजात बाळांचा थायमस सोनोग्राफीने मोजला आणि पुढे त्या बाळांचा माग ठेवला. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं की जन्मताना ज्यांचा थायमस लहान होता, ती बाळं पहिल्या वर्षात जास्त दगावली. शंभर वर्षं डॉक्टर मोठ्या थायमसला घाबरत होते आणि धोका होता लहान थायमसमध्ये. १८४५ मध्ये सायमनने जे सांगितलं तेच आता जिवंत बाळांत दिसत होतं. या मोजणीला सुई लागत नाही, किरण लागत नाहीत. छातीवर जेल लावून दोन मिनिटं यंत्र फिरवावं लागतं. नंदुरबारमध्ये, अक्कलकुव्याच्या आणि धडगावच्या पाड्यांवर जन्मणाऱ्या बाळांचं वजन आपण घेतो, दंडाचा घेर घेतो आणि रजिस्टरात लिहितो. त्या रजिस्टरात थायमसचा एक रकाना असावा अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ मित्रांच्या मागे मी लागलेली आहे.